दुकानालाही तालीम लागते

परीक्षांचे निकाल हाती आले, की आपल्या जुन्या घरांतून एक जुनाच प्रश्न नव्याने निघतो : मुलाने पुढे करावे काय? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. उत्तर देणारे वडील असत आणि ते उत्तर म्हणजे चांगलीशी कायम नोकरी. हल्ली उत्तर मुलगाच देतो. तो म्हणतो, ‘मला नोकरी नको, मी काहीतरी धंदा काढणार.’ मग वडील गप्प होतात, आई देवाजवळ दिवा लावते आणि नात्यागोत्यातल्या एखाद्या हिशेबी माणसाकडे सल्ल्यासाठी निरोप जातो.

असे निरोप मला बरेच येतात. आमचे घराणे मूळचे पटवर्धनी मुलखातले. पण माझा व्यवसाय दुकानदारांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्याचा, आणि त्यातली तीसएक वर्षे हुबळी-धारवाडात गेली. दुकान उघडताना वाटलेले पेढे मी पुष्कळ खाल्ले आहेत आणि दुकान बंद होताना राहिलेल्या देण्याच्या याद्याही पुष्कळ केल्या आहेत. म्हणून चार शब्द लिहितो. ते उपदेश म्हणून नव्हे, अनुभवाचा जमाखर्च म्हणून वाचावेत.

निरोप घेऊन येणारे गृहस्थ तीन प्रश्न हमखास विचारतात. कोणता धंदा चालेल? भांडवल किती लागेल? कर्ज कोठे मिळेल? तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण चौथा प्रश्न, जो खरे तर पहिला असावयास हवा, तो मला क्वचितच कोणी विचारतो : हे काम शिकावे कोणाकडे?

धारवाड आणि हुबळी ही दोन गावे महानगरपालिकेच्या कागदावर १९६२ साली एकच शहर झाली. दोहोंत अंतर वीसएक किलोमीटरचे. पण स्वभावातले अंतर त्याहून मोठे. धारवाड हे कचेऱ्यांचे आणि विद्येचे गाव. येथे १९१७ सालचे कर्नाटक कॉलेज आहे, १९४९ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे, आणि २००८ पासून उच्च न्यायालयाचे पीठही आहे. हुबळी हे कापसाचे, कापडाचे, धान्याचे आणि रेल्वेच्या कारखान्याचे गाव. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख मुंबई राज्यात होता. सरकारी दप्तर, शाळाखाते आणि न्यायकचेऱ्या यांच्या निमित्ताने येथे आलेली मराठी घरे साहजिकच धारवाडात रुजली. माळमड्डीला घर, सकाळी कचेरी, संध्याकाळी गाणे किंवा व्याख्यान, आणि उतारवयात निवृत्तिवेतन असा त्यांचा क्रम असे. हुबळीला जावयाचे ते लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी. नोकरीसाठी कोणी गेलाच, तर तो रेल्वेच्या हपिसात. बाजार होता, पण तो आपल्यासाठी घेण्याचा होता, विकण्याचा नव्हता.

यात कमीपणा होता असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले आणि त्या नोकरीच्या आधारावर मराठी कथेला जे दिले ते आपण जाणतोच. ज्याला आपला खरा जीव दुसऱ्या कशात ठेवावयाचा आहे, त्याला ठरल्या तारखेला पगार देणारी नोकरी हे वरदानच आहे. व्यापारात तसे होत नाही. व्यापार रविवार जाणत नाही, आणि रात्री उशाशी येऊन बसतो. म्हणून ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण पाठ म्हणून दाखवून मुलाला नोकरी सोडावयास लावणारे काका आणि नोकरीवाचून तरणोपाय नाही असे सांगणारे मामा, दोघांचेही ऐकू नये. मुलाचा पिंड पाहावा. ज्याला अनोळखी माणसाशी बोलताना कंटाळा येतो, किंवा ज्याला दिवसाअखेर गल्ला मोजला नाही तरी चालते, त्याने दुकान काढू नये. त्याला नोकरीत लाज नाही आणि दुकानात सुख नाही.

आता ज्याचा पिंड खरोखर व्यापाराचा आहे त्याच्याविषयी.

हुबळीच्या दक्षिणेला कुंदगोळ नावाचे लहानसे गाव आहे. संस्थानी काळात ते जमखंडीकर पटवर्धनांच्या राज्यात होते. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हे तेथले. अब्दुल करीमखाँसाहेबांकडून जे मिळाले ते त्यांनी पुढच्या पिढीला दिले. गंगूबाई हनगल त्यांच्याकडे शिकण्यासाठी हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जात. गदगचे भीमसेन जोशी १९३६ च्या सुमारास त्यांच्याकडे राहावयास गेले. गुरुगृही त्यांनी पाणी भरले, पडेल ते काम केले आणि मग सूर लावला. या गोष्टी सांगताना आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा कंठ आजही दाटून येतो. दहा-दहा वर्षे तालीम घेतल्यावाचून मैफलीत बसू नये, हे आपल्याला कोणी पटवून द्यावे लागत नाही.

पण तोच आपला मुलगा उद्या म्हणाला, ‘मी हुबळीच्या जवळी साळीतल्या एका कापडदुकानात वर्षभर ठाणे उलगडावयास जातो,’ तर? वडिलांना वाटेल, लोक काय म्हणतील! अभियंत्याची पदवी घेतलेला मुलगा दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधतो? त्यापेक्षा आपणच पाच-दहा लाख घालून त्याला स्वतःचे दुकान थाटून देऊ. आणि ते देतात. गाण्याच्या बाबतीत जे आपण मूर्खपणाचे मानले असते, म्हणजे सूर न शिकता तंबोरे विकत घेणे, ते दुकानाच्या बाबतीत आपण कौतुकाने करतो.

ज्या लोकांचे धंदे याच शहरात डोळ्यांदेखत उभे राहिले, त्यांनी काय केले ते पाहावे.

किनारपट्टीवरून आलेल्या उडुपीकडच्या हॉटेलवाल्यांची रीत प्रसिद्धच आहे. गावाकडून आलेला मुलगा प्रथम टेबले पुसतो, भांडी घासतो. मग चुलीपाशी उभा राहतो. मग गल्ल्यावर बसतो. आणि त्यानंतर केव्हातरी भागीत किंवा स्वतंत्रपणे स्वतःचे हॉटेल काढतो. डाळ-तांदळाचे पीठ उन्हाळ्यात किती वेळात आंबते, सांबाराचे पातेले कितीदा भरावे लागते, किती ताटे गेली म्हणजे भाडे सुटते, हे सारे त्याच्या हाताला ठाऊक असते. त्याला हॉटेल ‘चालेल का’ हे कोणाला विचारावे लागत नाही.

सावजी खानावळींचे उदाहरण आणखी बोलके आहे. हुबळी, गदग, बेळगाव या बाजूच्या सावजी खानावळी ज्यांच्या, तो सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाज मूळचा विणकरांचा. रेशमी वस्त्रे विणणे हे त्यांचे परंपरागत काम. हातमागाचे दिवस फिरल्यावर त्यांतल्या अनेक घरांनी आपल्या स्वयंपाकघरातले तिखटजाळ मांसाहारी जेवण बाजारात मांडले. नागपूरची सावजी खानावळही विणकर हलबा कोष्टी समाजातूनच आली. दोन समाज वेगळे, पण वाट तीच. माग गेला तेव्हा त्यांनी न येणाऱ्या धंद्यात उडी घेतली नाही. घरातल्या बायकांच्या हाताला जे पिढ्यानुपिढ्या येत होते, तेच विकावयास काढले. तालीम आधीच झालेली होती, फक्त तिला दाम लावावयाचे राहिले होते.

धारवाडचा पेढा तर सर्वांनाच ठाऊक आहे. उत्तर प्रदेशातील उन्नावहून प्लेगच्या साथीमुळे येथे आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो सुरू केला. रामरतन सिंग ठाकूर यांनी आरंभ केला, आणि पुढे त्यांचे नातू बाबूसिंग ठाकूर यांच्या नावाने लाइन बाजारातले दुकान ओळखले जाऊ लागले. त्याच लाइन बाजारात मिश्रा कुटुंबानेही पेढ्याचा व्यवसाय उभा केला आणि आज त्यांची दुकाने गावोगाव दिसतात. या पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या धारवाडी म्हशीच्या दुधाशी त्याचे नाव जोडलेले आहे, त्या म्हशीला २०२१ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. आता पाहा, सामग्री काय? दूध आणि साखर. आपला साताऱ्याचा कंदी पेढाही त्यातूनच होतो. यात गुपित म्हणण्यासारखे जे आहे ते कागदावर लिहिता येण्याजोगे नाही : खवा कढईत कोठवर भाजावा, रंग कोणत्या क्षणी धरावा, कढई केव्हा उतरावी. हे कढईपाशी उभे राहूनच येते. आणि दुसरी गोष्ट, एकच जिन्नस. आपल्या मुलाने दुकान उघडले की पहिल्याच दिवशी फळ्यावर चाळीस पदार्थ असतात. पेढेवाल्यांनी एका पदार्थावर आपल्या गावाचे नाव देशभर नेले.

संस्थानी शहरातल्या वाचकांच्या मनात येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आलेच असेल. पुष्कळदा मी असे ऐकतो की, ‘त्यांना औंधकरांचा राजाश्रय मिळाला म्हणून साधले, आता राजे राहिले नाहीत.’ हा त्या चरित्राचा अर्धवट अर्थ आहे. लक्ष्मणराव बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष निघाल्यामुळे ती वाट सोडावी लागली. यंत्रांचे रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे यंत्रे हाताळली. नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा ती सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकली विकल्या. नुसत्या विकल्या नाहीत, घेणाऱ्याला चालवावयास शिकवल्या. मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. एवढे सगळे झाल्यावर, बेळगावातली जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ दिला, १० हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. राजाश्रय मिळाला हे खरे. पण तो आला तेव्हा माणसाच्या हाताला वीसएक वर्षांचे लोखंड लागलेले होते.

आजचा राजाश्रय म्हणजे सरकारी योजना. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान धंद्यासाठी तारणावाचून कर्ज मिळते. त्यातला पहिला गट ५० हजार रुपयांपर्यंतचा आहे. मी या योजनांच्या विरुद्ध नाही. पण क्रम उलटा झाला की घात होतो. आधी हात, मग थोडे स्वतःचे पैसे, आणि शेवटी कर्ज, हा क्रम. ज्याला काम येते त्याचे काम कर्जामुळे वाढते. ज्याला येत नाही त्याच्या डोक्यावर फक्त हप्ता वाढतो.

कोणी म्हणेल, ही जुन्या जमान्याची उदाहरणे झाली. आता संगणकाचे दिवस आहेत, नव्या कल्पनेला किंमत आहे. हुबळीतही नवउद्योगांना आसरा देणारे केंद्र उभे आहे, ते गुरुराज देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने उभे केलेले. देशपांडे हुबळीत जन्मले आणि अमेरिकेत १९९० साली त्यांनी कॅस्केड ही दूरसंचार यंत्रणांची कंपनी काढली. पण त्याआधी त्यांनी काय केले? अभियांत्रिकी शिकले, डॉक्टरेट केली, आणि मोटोरोलाच्या कोडेक्स या उपकंपनीत त्याच विषयात नोकरी केली. म्हणजे नोकरीही तालीम होऊ शकते. मात्र ती नोकरी आपल्याला पुढे करावयाच्या कामाची हवी, आणि डोळे पगाराच्या पावतीवर न ठेवता कामावर ठेवले पाहिजेत. चाळिशीपर्यंत बँकेत बसून मग एकाएकी बेकरी काढणे ही तालीम नव्हे.

तेव्हा माझा पहिला आणि मुख्य सल्ला हा : जो धंदा काढावयाचा, त्याच धंद्यात दुसऱ्याकडे निदान एक वर्ष उमेदवारी करावी. एकच वर्ष अशासाठी, की दिवाळी, लग्नसराई, पावसाळा, शाळा उघडण्याचे दिवस आणि आषाढातली मंदी असे सगळे ऋतू एकदा तरी दुकानाच्या आतून पाहून होतात. मिळेल तो पगार घ्यावा. सकाळी फळी काढण्यापासून रात्री कुलूप लावण्यापर्यंत सर्व कामे करावीत. माल कोणाकडून येतो, परत काय जाते, सडते काय, चोरीला जाते काय, आणि कोणते गिऱ्हाईक गोड बोलून बुडवते, हे टिपून ठेवावे.

येथे एक अडचण सर्वजण काढतात. उद्या प्रतिस्पर्धी होणाऱ्या मुलाला कोणता दुकानदार शिकवील? यावर उपाय सोपा आहे. हुबळीत दुकान काढावयाचे असेल तर कोल्हापुरात शिकावे, आणि कोल्हापुरात काढावयाचे असेल तर हुबळीत शिकावे. आपल्या जुन्या घरांची नाती या दोन्ही मुलखांत पसरलेली आहेत. ती लग्नाच्या याद्या करतानाच का आठवावीत? आणि मालकाला उद्देश आधीच स्पष्ट सांगावा. सचोटीने आलेल्या मुलाला शिकवणारी माणसे बाजारात अजून आहेत. ज्याला अशी ओळख नाही त्याने शिक्षणाची दुसरी सोय पाहावी. धर्मस्थळच्या विश्वस्त संस्थेने सिंडिकेट आणि कॅनरा या बँकांबरोबर १९८२ साली उजिरे येथे ‘रुडसेट’ संस्था सुरू केली. मुख्यतः ग्रामीण तरुणांना निवासाची सोय करून विनामूल्य लहान व्यवसाय शिकवणारी ही संस्था धारवाडातही आहे. देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी चालवलेल्या अशा संस्था पुढे तिच्याच नमुन्यावर निघाल्या.

दुसरा सल्ला हिशेबाचा आहे, आणि तो मी माझ्या धंद्याचा अभिमान म्हणून देत नाही. आपल्या घरांतली दुकाने नफ्यात आहेत असे मालकांना वाटत असते, आणि वही सरळ केली की ती तोट्यात निघतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, घराच्या रस्त्याकडच्या खोलीत एका जोडप्याने फराळाच्या जिनसांचे दुकान काढले. महिन्याची विक्री १ लाख २० हजार. कच्चा माल ८४ हजार, वीज-गॅस-कागदपिशव्या ९ हजार. उरले २७ हजार. घरात आनंद. पण ती खोली भाड्याने दिली असती तर समजा ८ हजार आले असते. नवरा-बायको दोघे दुसऱ्याकडे हेच काम करते तर प्रत्येकी १५ हजार, म्हणजे ३० हजार मिळाले असते. दुकानात घातलेले ३ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर महिना १,७५० रुपये व्याज आले असते. एकूण झाले ३९,७५०. म्हणजे हे दुकान दरमहा १२,७५० रुपयांनी तोट्यात आहे, आणि तो तोटा भरून काढते आहे ती घरातली बाई, जिच्या मजुरीचा आकडा कोणी वहीत मांडलेलाच नाही.

हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्याकडे लाडू, चकल्या, मसाले, भाकऱ्या करून विकणाऱ्या सुनेच्या कामाला ‘तिचा वेळ जातो’ असे म्हणतात. हुबळी-धारवाडच्या खानावळींतून आणि दुकानांतून ज्वारीच्या कडक भाकऱ्यांच्या चळती दिसतात. त्यांतल्या कितीतरी भाकऱ्या घरोघरच्या बायकांनी थापलेल्या असतात. तो वेळ घालवणे नव्हे, तो व्यवसाय आहे. तिची मजुरी पहिल्या दिवसापासून किमतीत धरावी आणि तिच्या नावाच्या खात्यात भरावी. किंमत मग गिऱ्हाइकाला परवडत नसेल, तर तो धंदा चालणारा नाही हे पहिल्याच महिन्यात कळेल, दहा वर्षांनी तिची कंबर गेल्यावर नव्हे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण दुकाने त्यांच्यावाचूनच बुडतात. घरखर्चाचा आणि दुकानाचा गल्ला एक असू नये. मालकाने स्वतःला ठरावीक पगार लावून घ्यावा आणि मुलीच्या वाढदिवसाला गल्ल्यातली नोट उचलू नये. दुकान काढण्याआधी घराच्या एक वर्षाच्या खर्चाची तजवीज बाजूला असावी. राहते घर आणि बायकोचे दागिने कधीही गहाण पडू नयेत. उधारी करावी लागली तर हे गणित ध्यानात ठेवावे : शंभराच्या विक्रीत दहा रुपये सुटत असतील, तर बुडालेले एक हजार भरून काढण्यासाठी आणखी दहा हजारांचा माल विकावा लागतो. भावाभावांनी किंवा मित्रांनी मिळून धंदा केला तर भागीदारीचा करारनामा पहिल्या दिवशी, प्रेम असतानाच, लिहावा. भांडण झाल्यावर तो लिहिला जात नाही.

रोजची कीर्द लिहावी. हा कंटाळवाणा सल्ला वाटेल. पण २०२५ च्या जुलैत कर्नाटकात अनेक लहान दुकानदारांना वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा आल्या. मोबाइलवरून जमा झालेल्या रकमांवरून त्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपलीकडे गेली असे खात्याचे म्हणणे होते. कित्येकांनी घाबरून पैसे घेण्याची ती चौकोनी पाटी काढून टाकली. पुढे सरकारने नरमाईची भूमिका घेतली, हे बरे झाले. पण ज्याची वही नीट होती त्याला, त्या रकमेत विक्री किती, भाच्याने पाठवलेले पैसे किती, करमुक्त भाजी-दूध किती, हे एका संध्याकाळी दाखवता येत होते. ज्याच्याकडे वही नव्हती त्याच्याकडे फक्त रडणे होते. आणखी एक गोष्ट : लहान उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

शेवटचा मुद्दा भाषेचा. बाजारात गिऱ्हाइकाची भाषा हेही भांडवलच. धारवाडच्या जुन्या मराठी घरांत हे भांडवल पिढ्यानपिढ्या आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, हा तेथला सहज व्यवहार. ज्यांच्या घरची बोली मराठी होती ते द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या कन्नड काव्याला मिळाला. इतके सर्वांना साधणार नाही. पण वजन करताना दोन शब्द गोड बोलण्याइतकी गिऱ्हाइकाची भाषा प्रत्येकाला साधते. सीमेवरच्या वादाविषयी ज्याला जे मत ठेवावयाचे ते त्याने खुशाल ठेवावे; तराजूपाशी ते काढू नये.

इतके सगळे करूनही धंदा बुडू शकतो. बाजारभाव फिरतो, रस्ता रुंद होतो आणि दुकान तुटते, साथ येते. तसे झाले तर हिशेब बंद करावा आणि नोकरी धरावी. त्यातही लाज नाही. पण काम न शिकताच बुडालेला धंदा आणि काम शिकून बुडालेला धंदा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला बाजार पुन्हा उभा करतो, कारण त्याचा हात त्याच्यापाशी असतो.

तेव्हा ज्या घरात यंदा हा प्रश्न निघाला असेल, तेथल्या वडिलांना माझी विनंती आहे. बँकेत कर्जाचा अर्ज मागण्याआधी, ज्या दुकानातून आपल्या घरी दोन पिढ्या कापड किंवा किराणा येतो आहे, त्या दुकानदाराकडे एकदा जाऊन बसावे. चहा घ्यावा. आणि म्हणावे, ‘माझ्या मुलाला, किंवा मुलीला, वर्षभर हाताखाली घ्याल का, नाही तर परगावच्या तुमच्या ओळखीच्या पेढीवर चिठ्ठी द्याल का?’ कॉलेजच्या प्रवेशासाठी आपण पुष्कळांचे उंबरे झिजवले आहेत. त्यांत आणखी एक.